घरच्या डॉपलरवर ठोके सापडले नाहीत तर

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते, वय २७. पंधरावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी आठव्या आठवड्यात एकदा गर्भ गेला होता, म्हणून यावेळी पोटावर फिरवून बाळाचे ठोके ऐकवणारं डॉपलर मशीन ऑनलाइन मागवलं. पहिल्या दिवशी १५२ ठोके दाखवले, घरातल्या सगळ्यांनी ऐकले, नणंद म्हणाली मुलगी आहे. परवा एकदम ८८ दाखवले. काल रात्री पाऊण तास फिरवलं तर नुसता वाऱ्यासारखा आवाज. दुखत नाही, अंगावरून काही जात नाही. हे म्हणतात सकाळी बघू, सासूबाई म्हणतात ते खेळणं फेकून दे. मला झोप नाही. बाळाचे ठोके कमी झालेत का?

उत्तर : तुझ्या वयाच्या मुलींना मी ओपीडीत अगं-तुगंच करते, तेव्हा इथेही तसंच लिहिते.

आधी त्या ८८चं, कारण झोप त्यानेच उडवली आहे. ते ठोके बहुतेक तुझे स्वतःचे आहेत. गरोदरपणात बाईची नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला दहा-वीसने वाढते, त्यात रात्रीची वेळ आणि जीव मुठीत धरून पोटावर मशीन फिरवणं. ८८ म्हणजे अगदी हिशेबात बसणारी नाडी. पंधराव्या आठवड्यातल्या बाळाचे ठोके दीडशेच्या आसपास असतात. मशीनने तुझ्या पोटातली एखादी मोठी रक्तवाहिनी पकडली आणि पडद्यावर आकडा टाकला. रक्त आईचं की बाळाचं, हे त्याला कळत नाही. कोणत्याच डॉपलरला कळत नाही, माझ्या टेबलावरच्यालाही नाही. ते मशीन धरणाऱ्याला कळावं लागतं.

पण तुझं पत्र वाचून "बाळ छान आहे" असं मी लिहिणार नाही. पोटाला हात न लावता कोणीच तसं सांगू नये. दुखणं नाही, रक्त नाही, म्हणजे रात्री धावाधाव करायचं कारण नव्हतं, यजमानांचं "सकाळी बघू" बरोबरच होतं. मात्र ती सकाळ आजच्या आज उगवू दे. आपल्या डॉक्टरांकडे जा, दोन मिनिटांत ठोके ऐकवतील. नाही सापडले तर सोनोग्राफीचा प्रोब ठेवतील आणि हृदय हलताना डोळ्यांनी दिसेल. "उगाच आले" असं वाटून घेऊ नकोस. ज्या बाईचा एक गर्भ गेलाय तिने मधल्या तारखेला आलेलं कुठल्याही शहाण्या डॉक्टरला खटकत नाही.

माझ्याकडे महिन्याला एक-दोन तरी मुली पर्समधून ते गुलाबी मशीन काढतात. मी रागावत नाही. टेबलावर झोपवते, तिचंच मशीन तिच्या हातात देते आणि म्हणते, लाव. ती बेंबीच्या शेजारी लावते. दहातल्या आठजणी तिथेच लावतात, कारण पोट म्हटलं की बेंबी. आवाज येतो, सूं... सूं... सूं. तिचा चेहरा खुलतो. मग मी तिच्या अंगठ्याखाली मनगटावर माझी तीन बोटं ठेवते आणि प्रत्येक ठोक्याला तिच्याच तळहातावर टिचकी मारते. सूं, टिच. सूं, टिच. चार-पाच ठोक्यांत तिच्या लक्षात येतं. मग प्रोब खाली घ्यायचा, ओटीपोटाचं हाड लागतं त्याच्या बोटभर वर, आणि तो सरळ न धरता थोडा खाली, पाठीच्या कण्याकडे वाकवायचा. मग बराच वेळ काही नाही, नुसती खरखर, मध्येच आतड्यातला गुडगुड आवाज. आणि अचानक, लांबून, कोणीतरी टांगा पळवत आणल्यासारखं टपटपटपटप. माझ्या बोटाखालची नाडी एकदा वाजते तोवर ते दोनदा वाजून जातं. तो बाळाचा आवाज.

हे मी तुला शिकवते आहे ते घरी करून बघण्यासाठी नव्हे. मला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी पंधराव्या आठवड्याला ठोके शोधायला कधी कधी पाच मिनिटं जातात, हे तुला कळावं म्हणून.

कारण आत काय आहे ते बघ. बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत फार तर दहा सेंटिमीटरचं. त्याचं हृदय वाटाण्याच्या आसपास. गर्भपिशवी बाराव्या आठवड्यापर्यंत कमरेच्या हाडांच्या कटोऱ्यात लपलेली असते आणि आता कुठे वर डोकावायला लागली आहे. आत बाळाला पोहायला भरपूर जागा, ते कुस बदलून पाठ फिरवतं. वार, म्हणजे प्लासेंटा, पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल तर प्रोब आणि बाळ यांच्यामध्ये उशी ठेवल्यासारखं होतं आणि तुला तो वाऱ्याचा आवाजच येत राहतो, तो बहुधा वारेकडे जाणाऱ्या तुझ्याच रक्ताचा. गर्भपिशवी मागे झुकलेली असेल, पोटावर थोडी चरबी असेल, मशीनची बॅटरी उतरली असेल, जेलऐवजी कोणी खोबरेल तेलाचा थेंब लावून भागवलं असेल (प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी अल्ट्रासाउंड आत जात नाही), कारणं कितीही आहेत. तेव्हा पंधराव्या आठवड्याला घरी ठोके न सापडणं, यावरून बाळाबद्दल काहीच कळत नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही.

डॉपलर हे नाव ज्या माणसाचं, त्या ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली हा सिद्धान्त मांडला तो ताऱ्यांच्या प्रकाशाच्या रंगाबद्दल. सोपं रूप तुला रोज ऐकू येतं. एमजी रोडवर १०८चा सायरन जवळ येताना चढा लागतो, पुढे निघून गेला की उतरतो. मशीन पोटात आवाजाच्या लहरी सोडतं, हलणाऱ्या गोष्टीवर आपटून त्या थोड्या बदलून परत येतात, आणि तो बदल आपल्याला ऐकू येईल असा करून स्पीकरवर वाजवला जातो. म्हणजे तू ऐकतेस तो ठोक्याचा खरा आवाजही नव्हे, हालचालीचं केलेलं ध्वनिरूप. आत जे जे हलतं ते ते वाजतं, आणि तुझं रक्त त्या चिमुकल्या हृदयापेक्षा कितीतरी जोरात हलत असतं.

एक माझी स्वतःची फजिती सांगते. रेसिडेंट होते, रात्रपाळी, लेबर रूममध्ये पलंगापलंगाला कळा. एका बाईच्या पोटावर डॉपलर ठेवला, मिनिटभर मोजलं, ९६. बाळंतपणाच्या वेळेला ११० ते १६० हवेत. मी केसपेपरवर ९६ लिहून ओरडलेच, ऑपरेशन थिएटर तयार करा. सगळे पळाले. तिथल्या वयस्कर सिस्टर, नगरच्या होत्या, त्या काही पळाल्या नाहीत. त्यांनी बाईचा हात हातात घेतला, स्पीकर ऐकला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हे आईचे आहेत. खाली डावीकडे लावा." खाली डावीकडे १४२ वाजत होते. कळांनी बाईची नाडी चढलेली आणि मी ती बाळाच्या खात्यावर लिहिलेली. त्या बाईचं पोट कापायला निघालो होतो आम्ही. तेव्हापासून एक हात मनगटावर असल्याशिवाय मी ठोके मोजत नाही. त्या सिस्टर पोटाला लावून थेट कानाने ठोके ऐकायचा लाकडी कर्णाही वापरायच्या, पिनार्डचा. त्याचं एक चांगलं, त्यात आकडा दिसत नाही, त्यामुळे कान आणि डोकं दोन्ही वापरावं लागतं.

तुझ्या मशीनचा तो आकडा आणखी एक खोड करतो, आणि ती मला ८८पेक्षा जास्त घाबरवते. ठोका मंद आणि दुहेरी आवाजाचा असला की ही मशीनं कधी कधी एकाचे दोन मोजतात. आईची नाडी ७५, पडद्यावर १५०. अगदी ठणठणीत बाळाचा आकडा! उलटंही होतं, बाळाचे १६० आणि पडद्यावर ८०. घरी बसलेल्या माणसाला यातलं काय खरं हे कळायला वाव नाही.

नणंदेला माझा निरोप दे. जलद ठोके म्हणजे मुलगी, मंद म्हणजे मुलगा, असं ठोक्यांवरून काही कळत नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात सगळ्याच बाळांचे ठोके १७०च्या आसपास असतात, मग हळूहळू उतरत जातात, शेवटच्या महिन्यात १४० वगैरे. त्या हिशेबाने प्रत्येक गर्भ आधी मुलगी आणि नंतर मुलगा व्हायला हवा. शिवाय १९९४च्या कायद्याने लिंगनिदान हा गुन्हा आहे, तेव्हा हा विषय गमतीतही दवाखान्यात काढायचा नाही. बारशाला कळेलच.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. तुझ्यासारख्या चौथ्या महिन्यातल्या मुलीला हे मशीन विनाकारण रडवतं, त्याने झोप जाते, पण बाळाचं काही बिघडत नाही. आठव्या-नवव्या महिन्यात ते विनाकारण धीर देतं, आणि तिथे जीव जाऊ शकतो. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक हकिगत छापली होती. अडतिसावा आठवडा. बाळाची हालचाल कमी झाल्याचं त्या बाईच्या लक्षात आलं होतं. तिने घरचा डॉपलर लावला, ठोके ऐकू आले असं वाटलं, आणि ती थांबली. दवाखान्यात पोचली तेव्हा बाळाचं हृदय थांबलेलं होतं. तिने ऐकलं ते तिची स्वतःची नाडी किंवा वारेतला आवाज असणार, असं त्या डॉक्टरांनी लिहिलं. लवकर आली असती तर बाळ नक्की वाचलं असतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण बघायची संधी तरी मिळाली असती.

आणि समज, तिने ऐकलेले ठोके खरंच बाळाचे असते, तरीही ती फसू शकली असती. हे बहुतेकांना माहीत नसतं. गुदमरू लागलेल्या बाळाचे ठोके बराच वेळ १४०च राहू शकतात. आम्ही एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी, करतो तेव्हा नुसता आकडा बघत नाही. वीस मिनिटं, लागलं तर चाळीस मिनिटं, पट्टा बांधून कागदावर रेघ काढतो. ती रेघ बारीक दातेरी हवी, सुतासारखी सरळ नको. बाळ हललं की ठोके पंधराएकने वर चढून पंधरा सेकंद तरी तिथे टिकायला हवेत, आणि वीस मिनिटांत असं दोनदा व्हायला हवं. हा हिशेब साधारण बत्तिसाव्या आठवड्यानंतरचा. निरोगी बाळाचं हृदय सतत थोडं कमी-जास्त होत राहतं, आजारी बाळाचं एका सुरात चालतं. घरच्या मशीनवर तुला एका क्षणाचा एक आकडा मिळतो. १४० म्हणजे हृदय चालू आहे, बाळ बरं आहे असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून पुढे तुझं मशीन म्हणजे बाळाची हालचाल. आत्ता पंधराव्या आठवड्यात ती जाणवत नाही यात काही वावगं नाही. पहिलटकरणीला अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते, वार पुढे असली तर आणखी थोडी उशिरा. सुरुवातीला गॅस वाटतो, मग मासोळी सुळकन वळल्यासारखं. चोविसावा आठवडा लागला आणि एकदाही काही जाणवलं नाही तर दाखवून यायचं. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून बाळाची स्वतःची एक वेळ ठरते. काही सकाळी नाचतात, बरीचशी रात्री तू जरा आडवी झालीस की. ती वेळ ओळखून ठेव. काही डॉक्टर तीन जेवणांनंतर तासतासभर मोजायला सांगतात, काही दोन तासांत दहा. तुझ्या डॉक्टरांची पद्धत असेल ती धर, दोन-दोन पद्धती एकदम नको. बाळ आत झोपतं, पण वीस-चाळीस मिनिटं. दीड-दोन तास सलग गप्प राहिलं तर तो झोपेचा प्रकार नाही.

त्या वेळी काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेव, कारण त्या रात्री डोकं चालत नाही. हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडायचं, टीव्ही बंद, फोन बाजूला, दोन तास लक्ष फक्त पोटाकडे. तरी नेहमीसारखी नाही वाटली तर दवाखान्यात, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मुळीच हललं नाही तर ते दोन तासही थांबायचं नाही. घरात कोणीतरी म्हणेल, काही गोड खा, सराफ्यातली मावा-बाटी आणतो, बाळ कसं उड्या मारतं बघ. मावा-बाटी जरूर खा, पण दवाखान्यातून परत आल्यावर. दुसरं कोणीतरी म्हणेल, शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होतं. हे आमच्या आजीच्या काळापासून चालत आलेलं आहे आणि चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी ढुशी आणि सरकणं जाणवतं, पण ती कमी होत नाही. गाडीची सोय नसेल तर १०८ लावायचा. आपल्याकडे जननी एक्स्प्रेस, म्हणजे गरोदर बायकांना दवाखान्यात नेणारी सरकारी गाडी, त्यातूनच मिळते.

आणि त्या रात्री डॉपलर कपाटातून काढायचा नाही. सापडले तर तू थांबशील, नाही सापडले तर शोधत बसशील. दोन्हीत वेळ जातो.

यातून बाळाला अपाय झाला का, हेही तुझ्या मनात असणार. पाऊण तास फिरवल्याने काही झालं नाही, ते डोक्यातून काढ. निदानासाठीच्या अल्ट्रासाउंडने बाळाला इजा झाल्याचा पुरावा नाही. पण ही ऊर्जा आहे, पेशींना किंचित गरम करू शकते, म्हणून कारणाशिवाय आणि लांबलचक वापरायची नाही हा आमच्या धंद्यातला जुना नियम. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१४मध्ये लोकांना हेच सांगितलं, की हौसेची सोनोग्राफी आणि घरचे डॉपलर टाळा. मोबाइलवर ठोके ऐकवणारी जी ॲप असतात त्यांच्याबद्दल एवढंच : फोनच्या माइकमधून अल्ट्रासाउंड निघत नाही.

राहिलं गेल्या वर्षीचं. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मशीन त्यासाठीच आलंय. आठव्या आठवड्यात गर्भ जातो तो बहुतेक वेळा गुणसूत्रांच्या गडबडीने. तू जिना चढलीस, पपई खाल्लीस, प्रवास केलास, यातल्या कशाने नाही. डॉपलर असता तरी तो थांबवता आला नसता, आणि आठव्या आठवड्यात पोटावरून या मशीनने ठोके ऐकूच येत नाहीत. यावेळी तू तो टप्पा ओलांडून खूप पुढे आली आहेस. ठोके दिसल्यावर, आणि बारावा आठवडा उलटल्यावर, गर्भ जायची शक्यता बरीच खाली येते. हे कळूनही भीती जात नाही, मला ठाऊक आहे. डॉक्टरांना सरळ सांग की मला भीती वाटते, महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी येऊ का? मी तरी अशा मुलींना हो म्हणते. पाच मिनिटांचं काम असतं. भीतीने जेवणच जात नसेल, रोज रात्री हेच चालू असेल, तर तेही सांग. त्यालाही उपचार आहेत आणि गरोदरपणात घेता येतात.

सासूबाईंचं मशीन फेकण्याबद्दलचं म्हणणं मला पटतं, पण फेकलेलं मशीन रात्री दीडला कचऱ्याच्या डब्यातून परत काढलेलं मी ऐकलं आहे. इंदूरच्या घंटागाडीला नेमका कोणता डबा द्यायचा हाही प्रश्नच. माझ्याकडच्या मुली ते माझ्या हवाली करतात. ओपीडीतल्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर सध्या तीन आहेत, प्रत्येकावर नाव आणि प्रसूतीची तारीख लिहिलेली चिकटपट्टी. बाळंतपणानंतर टाके दाखवायला येताना परत न्यायचं ठरलेलं असतं; आतापर्यंत एकीनेच आठवणीने मागितलं, तेही तिच्या वहिनीला हवं होतं म्हणून, आणि मी दिलं नाही. तुझ्या डॉक्टरांकडे असं कपाट नसेल तर आज ठोके ऐकून आलीस की बॅटरी काढ आणि मशीन सासूबाईंच्या कपाटात जाऊ दे, किल्ली त्यांच्याकडे. जाताना मनगटावर आपली तीन बोटं ठेवून बस. डॉक्टरांनी प्रोब लावला की तुझी तुलाच मोजता येईल, कोणते कोणाचे ते.